नीरादा: बेटावरची शाळा

कुष्ठरोगावर औषध आले, तरी जपानने १९५३ च्या कायद्याने रुग्णांचे विलगीकरण कायम ठेवले. १९५५ मध्ये नागाशिमा बेटावरील आइसेइएन या रुग्णवसाहतीत ‘नीरादा’ हे कुष्ठरुग्ण मुलांसाठीचे त्या देशातील एकमेव उच्च माध्यमिक विद्यालय सुरू झाले. शिक्षक पांढरे कोट घालून शिकवीत. विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या खोलीत प्रवेश नव्हता. घंटी वाजवून त्यांना बाहेर बोलवावे लागे. तरीही ३०० हून अधिक विद्यार्थी येथून उत्तीर्ण झाले.

१९८७ मध्ये शाळा बंद झाली. बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पूल १९८८ मध्ये खुला झाला. कायदा रद्द व्हायला मात्र १९९६ साल उजाडले. म्हणूनच संस्थांच्या इतिहासातील ‘शिक्षणाची सोय केली’ या वाक्यापाशी आम्ही थबकतो. ती घंटी त्याच सोयीचा भाग होती.