पायातली हाक

मस्तगडाच्या परिसरात बोलायचं तर सुरुवात गडापासूनच करू. निजामुल्मुल्क असफजाहच्या हुकुमावरून काबिलखानाने १७२५ साली जालन्याचा किल्ला आणि त्याचा हा बालेकिल्ला बांधला. तट कितीही जाड असला तरी पहारेकऱ्याची हाक आली नाही, तर आतल्याला कळणार काय? आज आम्ही बोलणार आहोत ते अशाच एका हाकेबद्दल. ती पायातून येते, आणि कधीकधी यायची बंद होते.

हे आपल्याकडे जुन्या काळापासून ठाऊक होतं. चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत हातापायांची आग आणि बधिरपणा आहे, कुष्ठाच्या पूर्वलक्षणांत स्पर्श न कळणं आहे. पण लोकांच्या मनात राहिलं ते वेगळंच: रक्तपिती झाली की बोटं झडतात. नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ मध्ये जंतू दाखवला, तर लोक म्हणू लागले की जंतूच बोटं खातो! समजूत तीच राहिली, फक्त गुन्हेगार बदलला.

या समजुतीने माणसं गावकुसाबाहेर गेली. त्यांना जवळ करणारे आपल्याकडे निघाले. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये मनोहर दिवाण, पुढे वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे. आमट्यांनी या माणसांच्या हाती कुदळ-फावडं दिलं, त्यांना कामाची प्रतिष्ठा दिली. पण बधिर हाताला दांडा किती घट्ट धरलाय तेच कळत नाही, हेही खरं.

मग बोटं जातात कशाने? याचा छडा वेल्लोरला लागला. पॉल ब्रँड हे शस्त्रवैद्य तिथे १९४६ मध्ये आले. एकदा गंजलेलं कुलूप त्यांना उघडेना. एका रुग्ण पोराने किल्ली जोर लावून फिरवली, कुलूप उघडलं, आणि त्याचं बोट हाडापर्यंत कापलं गेलं. पोराला पत्ताच नाही! काहींची बोटं रात्री झोपेत उंदीर कुरतडत. ब्रँड यांच्या ध्यानात आलं की मांस आपोआप झडत नाही. रोगाने मज्जातंतू मेलेले असतात, दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो. भार काढला की तीच जखम भरते. एमसीआर रबराच्या मऊ चपला आल्या त्या या विचारातून.

इथे आमच्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर जागा होतो. देकार्तने वेदनेला घंटेच्या दोरीची उपमा दिली: पाय विस्तवाजवळ गेला, दोरी ओढली गेली, मेंदूत घंटा वाजली. पुढे अमेरिकेत कारव्हिलला ब्रँड यांनी अशी घंटा खरोखरच करून पाहिली. मोज्यांत दाब मोजणारी यंत्रं, धोका आला की आवाज. उपयोग झाला नाही. काम अडलं की माणसं यंत्र बंद करून तेच काम पुरं करत. म्हणजे वेदना ही नुसती बातमी नव्हे. बातमी बाजूला ठेवता येते, वेदना ठेवता येत नाही. देकार्तच्या चित्रातली ही त्रुटी आमच्या मते कुठल्याही ग्रंथापेक्षा त्या मोज्यांनी चांगली दाखवली.

कारव्हिललाच आणखी एक गोष्ट दिसली. मधुमेहाच्या रुग्णांचे पाय अगदी तसेच होते. जंतू नाही, साखर आहे, पण मेलेला तंतू सारखाच.

कुष्ठरोगाला आज सरकारी दवाखान्यात फुकट औषध आहे. सहा महिने किंवा वर्षभर घेतलं की रोग बरा होतो. गेलेली संवेदना मात्र बहुधा परत येत नाही. म्हणून चट्टा लपवणं महागात पडतं. आणि लपवायला लोकांना कारणही होतं: जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची कायद्यातली तरतूद २०१९ पर्यंत शाबूत होती.

साखरवाल्यांचं उलट आहे. ते आजार लपवत नाहीत, पाय बघत नाहीत. मुंग्या येतात म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने शेकतात, उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालतात आणि संध्याकाळी तळव्याला फोड दिसतो. कुणी तपासायला सांगितलं तर म्हणतात, 'दुखत तर काहीच नाही.' तपासणी साधी आहे. डॉक्टर नायलॉनचा एक जाडसर तंतू तळव्याला टेकवतात, तो वाकतो तेव्हा बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो. आपण डोळे मिटून सांगायचं, लागलं की नाही.