‘ई’ गेला कोठे?

इंग्रजी शिकविताना आम्ही मास्तर एक नियम छातीठोकपणे सांगतो: विशेषणाला ‘ली’ जोडा, क्रियाविशेषण तयार. पाथर्डी-शेवगावकडचे पोर तो नियम इमानाने पाळते, ‘ट्रू’पुढे ‘ली’ लिहिते आणि शब्दाखाली तांबडी रेघ उमटते. ‘ट्रू’च्या शेवटचा ‘ई’ गाळायचा असतो! ‘होल’चाही गाळायचा, ‘सोल’चा मात्र राखायचा. का, ते कोणी सांगत नाही. एका ‘ई’पायी गुण जातो आणि पोर स्वतःलाच ढ समजू लागते.

खरे पाहता ढ कोणी असेल तर ते स्पेलिंग. हा ‘ली’ जुन्या इंग्रजीतल्या ‘देह, रूप’ अशा अर्थाच्या शब्दाचा सोयरा. लेखकूंनी तो शतकानुशतके आपापल्या हाताने लिहिला. शब्दाच्या शेवटी ‘वाय’ आणि मध्ये ‘आय’ ही त्यांचीच खोड; म्हणून ‘हॅपी’चा ‘वाय’ ‘ली’ लागताच ‘आय’ होतो. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना घातला, तरी एकवाक्यता लवकर आली नाही. सतराव्या शतकातील छापील इंग्रजीत ‘ट्रूली’ हा शब्द ‘ई’ राखून छापलेलाही आढळतो. म्हणजे आमच्या पोराची चूक त्या काळी लंडनात खपून गेली असती! १७५५ मध्ये डॉक्टर जॉन्सनचा कोश निघाला, त्यात ‘ई’ नसलेले रूप बसले.

नगरात (२०२४ पासूनच्या अहिल्यानगरात) अमेरिकन मिशनऱ्यांनी १८३१ मध्ये ठाणे मांडले, १८३९ मध्ये सिंथिया फॅरारबाई आल्या, मुलींच्या शाळा चालल्या. त्यांच्या मायदेशी तेव्हा नोहा वेब्स्टरचा १८२८ चा कोश नवा होता. हा वेब्स्टरही एकेकाळचा शाळामास्तर. त्याने ‘कलर’मधला ‘यू’ छाटला. ‘ट्रूली’ मात्र त्याच्याकडेही बिन‘ई’चीच राहिली.

महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून आहे. सहा वर्षांच्या पोराला जॉन्सन-वेब्स्टर सांगा असे मी म्हणत नाही. पण आठवीतल्याला सांगायला काय हरकत आहे?

इंग्रजांना हसण्याआधी घरातही डोकवावे. मराठी शुद्धलेखनाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे ‘शक्ती’ दीर्घ. पण तिचे क्रियाविशेषण ‘यथाशक्ति’ ऱ्हस्व, कारण ते संस्कृतातून जसेच्या तसे आलेले अव्यय. वर्गणीच्या पावत्यांवर मात्र ते सर्रास दीर्घ छापलेले दिसते, आणि वर्गणी बिनतक्रार जमते.