ओल कोणाच्या भिंतीला, दोष कोणाच्या माथी?

माझ्या लहानपणी आमच्या सफाई कामगार वसाहतीविरुद्ध दर पावसाळ्यात शेजारच्या सोसायटीचा अर्ज जाई. वसाहतीतील पाण्यामुळे आमच्या भिंती खराब होतात, तेथील लोकांना समज द्यावी, असा त्याचा आशय. अर्जातली ओल खोटी नव्हती. संडासाच्या बिडाच्या पाइपांचे सांधे उसवले होते, फटींत पिंपळ रुजला होता, पाणी कुंपणापलीकडे मुरत होते. त्यांच्या रंगाचे पोपडे निघत; आमच्या घरात वह्यांना बुरशी येई. साहेब येत आणि आमच्या आयांनाच पाणी जपून वापरायला सांगून जात. पाइप मालकाचा, मालक नगरपालिका. आणि आरोपी कोण, तर पगारातून भाडे कापून देणारा भाडेकरू!

हा एका गावचा किस्सा असता तर लिहिला नसता. सरकार घरमालक झाले म्हणजे काय होते, हे मुंबईच्या बी. डी. डी. चाळींच्या इतिहासात दिसते. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत 'डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' निघाले. कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवून कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत होता. झाल्या सुमारे सोळा हजार. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. वरळी-नायगावच्या अनेक चाळींत आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या राहिला.

आता १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा पाहा. त्याच्या कलम २३ ने जागा राहण्यायोग्य दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली. नोटीस देऊनही त्याने हात हलवला नाही, तर भाडेकरूने ठरावीक मर्यादेत दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही सोय केली. परंतु कलम ४ ने सरकार आणि स्थानिक संस्था यांच्या मालकीच्या जागा या कायद्यातून वगळल्या. खाजगी मालकाला जे बंधन, ते सरकारने स्वतःला लावून घेतले नाही! १९९९ च्या कायद्यातही ही सूट राहिली. शेजाऱ्याच्या अर्जात मालकाचे नाव का नसते, याचे एक उत्तर इथे आहे. दुसरे उत्तर जातीचे आहे, ते वाचकांस ठाऊक आहे.

तरी अशीच एक तक्रार योग्य पत्त्यावर पोचल्याचे उदाहरण आहे. रतलामच्या न्यू रोडवरील रहिवाशांची तक्रार उघड्या गटारांची होती, तशीच जवळचे झोपडीवासी उघड्यावर बसतात याचीही होती. नगरपालिकेने पैसा नसल्याची सबब सांगितली. १९८० साली सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी ती फेटाळली. झोपड्या हटवण्याचा नव्हे, सार्वजनिक संडास बांधण्याचा आदेश नगरपालिकेला झाला. विद्यार्थ्यांना मी हा निकाल मुद्दाम वाचायला लावतो.

बी. ए. ला असताना मीही एक अर्ज लिहिला होता. पाइप बदला, दोन्हीकडच्या भिंती वाचतील, एवढेच त्यात होते. वसाहतीतल्या एकोणचाळीस जणांनी सह्या केल्या, काहींनी अंगठे उठवले. कुंपणापलीकडून एकच सही मिळाली, एका निवृत्त शिक्षिकेची. पाइप त्या वर्षी बदलला नाही. पुढच्या पावसाळ्याआधी बदलला.