जवारी आणि पिकअप
अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात गात होते, तेव्हा शेजारच्या मिरजेत शिकलगारांची तंतुवाद्यं नावारूपाला आली होती. मुळात हत्यारांना धार लावणारी ही घराणी. तारा टेकतात त्या घोडीचा माथा घासून जवारी काढणं, म्हणजे तारेचा नाद खुलवणं, त्यांच्या हाताला जमलं, यात नवल नाही. नाद असा घोडीवर ठरतो, म्हणूनच आज पिएझो पिकअप लावलेला तंबोरा करकरला, तर आधी जवारी तपासावी, असं मला वाटतं. क्युरी बंधूंनी १८८०मध्ये दाखवलेल्या गुणधर्मामुळे पिएझो कंपनाच्या दाबाची वीज करतो, आणि घोडीचा दोषही इमानाने मोठा करतो. पिकअपची जोडणीही ढिली पडते, हा आक्षेप रास्त आहे. पण तार न छेडता ऐकू येणारी घरघर जोडणीची. अॅम्प्लिफायर बंद केल्यावरही एकाच तारेची करकर उरली, तर तिथे कानसच लागते.