नथिंग ऑफिशियल अबाउट इट

१९९६चा वर्ल्डकप म्हटलं की जयसूर्या आठवतो, ईडनवरचा राडा आठवतो. पण त्याच स्पर्धेत आणखी एक मॅच चालू होती, कोक विरुद्ध पेप्सी. तिचा निकाल पेप्सीच्या बाजूने लागला असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी थोडा मागचा हिशेब. १९७७ साली जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. 'फेरा' कायद्याप्रमाणे परदेशी मालकी ४० टक्क्यांवर आणा म्हटल्यावर कोकाकोलाने गाशा गुंडाळला. मोकळ्या मैदानात पार्लेचं थम्स अप आलं. १९९० मध्ये 'लेहर पेप्सी' आली. १९९३ मध्ये कोक परतलं, ते थेट रमेश चौहानांकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट असा सगळा संसारच विकत घेऊन!

तर १९९६ मध्ये 'अधिकृत शीतपेय' हा शिक्का कोकने पैसे मोजून घेतला. पेप्सीने काय करावं? सचिन, अझर अशी मंडळी घेऊन जाहिरात काढली, 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट'. झालं! मैदानावरचे बोर्ड कोकचे, पण लोकांच्या तोंडी ओळ पेप्सीची. (गंमत म्हणजे ५२३ धावा करून स्पर्धेत पहिला आलेल्या सचिनची बॅट कोरीच होती, स्टिकरच नव्हता. एमआरएफ नंतर आलं.) मी या जाहिराती यूट्यूबवर पाहिल्या. आजही त्या भारी वाटतात.

आमच्या कोल्हापुरात या ओळीचं फार नवल वाटायला नको. इथे फुटबॉल वर्ल्डकप आला की गल्लोगल्ली ब्राझील-अर्जेंटिनाचे फलक लागतात, तेही कुणाची परवानगी न घेता. फिफाच्या गावीही नसतं. पण पेप्सीच्या जाहिरातीला हसून वर तांबड्या रश्श्यानंतर थम्स अप मागवणारा गडी शेवटी पैसे कोकलाच देत होता, हे त्याच्या लक्षात कुठून येणार!

खरी मजा पुढे आहे. २००३च्या वर्ल्डकपला पेप्सी स्वतःच अधिकृत प्रायोजक झाली. आता नियम कडक पाहिजेत ना! प्रायोजकांच्या स्पर्धक कंपन्यांच्या जाहिराती खेळाडूंनी करू नयेत, अशी अट आली. त्यावरून २००२ मध्ये आपल्या खेळाडूंचं आणि आयसीसीचं चांगलंच वाजलं. माझ्या मते खेळाडूंचंच बरोबर होतं. करार त्यांनी आधी केलेले, आणि स्पर्धेचे हक्क विकताना त्यांना कुणी विचारलं होतं? दक्षिण आफ्रिकेने तर अशा घुसखोर जाहिरातींविरुद्ध कायदाच केला.

आणि मग १५ फेब्रुवारी २००३, सेंच्युरियन, भारत-ऑस्ट्रेलिया. एका प्रेक्षकाने कोकचा कॅन उघडला म्हणून त्याला स्टेडियमबाहेर काढलं. असो. त्या दिवशी आपण १२५ मध्ये ऑलआऊट झालो, त्यामुळे निदान भारतीयांसाठी तरी आत बघण्यासारखं फार काही नव्हतं.