पुस्तक आणि पडदा : मधल्या वर्षांचा इतिहास

१/
'पुस्तक चांगले की चित्रपट?' हा वाद तरुण वाचकांत कधीच संपत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यात पडण्यापूर्वी एक साधा हिशेब मांडावा. पुस्तक कधी आले, चित्रपट कधी आला, आणि मधल्या काळात त्या पुस्तकाचा वाचक किती वर्षांचा झाला? मराठीतील चार कादंबऱ्यांना हा हिशेब लावून पाहू. #धागा

२/
तुलनेसाठी प्रथम बाहेरची दोन उदाहरणे घेऊ. हॅरी पॉटरचे पहिले पुस्तक १९९७ चे, त्यावरचा चित्रपट २००१ चा. 'द हंगर गेम्स' ही कादंबरी २००८ ची, चित्रपट २०१२ चा. दोन्हीकडे अंतर चार वर्षांचे. बाराव्या वर्षी पुस्तक वाचलेला मुलगा सोळाव्या वर्षी चित्रपटगृहात बसला. पात्रे अजून त्याच्याच वयाची होती. म्हणूनच गाळलेल्या प्रत्येक प्रसंगाबद्दल तो हक्काने भांडू शकला.

३/
आता मराठीकडे वळू. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिली. त्याच्या आदल्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी टिपून घेतली होती. पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. मुलांच्या पुस्तकांत गणले गेले तरी त्याची रचना प्रौढ आठवणीची आहे : मोठा झालेला श्याम रात्री आश्रमातील मित्रांना आपले बालपण सांगतो.

४/
आचार्य अत्रे यांचा चित्रपट १९५३ चा. अंतर अठरा वर्षांचे. १९३५ साली बारा वर्षांचा असलेला वाचक आता तिशीत होता, बहुधा आईबापाच्या भूमिकेत. म्हणजे चित्रपटगृहात दोन पिढ्या शेजारी बसल्या : पुस्तक आठवणारी आणि ते अजून वाचायची असलेली. मराठी किशोरसाहित्याच्या रूपांतरांत हा योग पुढे क्वचितच आला.

५/
त्या प्रेक्षकाजवळ आणखी काय होते, तेही पाहावे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी १९४७ साली केलेले उपोषण त्याला ठाऊक होते. १९५० मधील गुरुजींचे निधन तर अगदी ताजे होते. माधव वझे यांचा श्याम आणि वनमाला यांची आई पाहताना या मुलाचे पुढे काय झाले, हे प्रेक्षागृहाला आधीच माहीत होते. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले.

६/
आपल्या नागपूरच्या दृष्टीने १९५३ हे साल विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, तर कोकण आणि पुणे मुंबई राज्यात. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला नागपूर करारावर सह्या झाल्या. मराठी माणसाचे एक राज्य अजून कागदावरही पुरते उतरले नव्हते. पण दापोलीजवळच्या पालगडातील एका आईची गोष्ट तिन्ही राज्यांतील मराठी घरांची होऊ शकत होती. पुढे अत्रे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अग्रभागी उभे राहिले. चित्रपटामुळे लढा उभा राहिला, असे मुळीच म्हणायचे नाही. एक भावविश्व मात्र राज्याच्या आधी आकाराला आले होते.

७/
दुसरी कादंबरी सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी'. कादंबरी १९८२ ची, संजय जाधव यांचा चित्रपट २०१३ चा. अंतर एकतीस वर्षांचे. अठराव्या वर्षी ती वाचलेला तरुण चित्रपटाच्या वेळी एकोणपन्नास वर्षांचा होता. खुद्द लेखक २००३ मध्येच निवर्तले होते. कट्ट्यावरची मैत्री हा कादंबरीच्या वाचकाचा वर्तमानकाळ होता. चित्रपटाने तिचा 'तो काळ' केला : तेव्हाचे कपडे, तेव्हाची गाणी, तेव्हाचे महाविद्यालय. तरुणांनीही तो डोक्यावर घेतला, हे खरे. पण त्यांनी पाहिली ती आपल्या आईवडिलांची तरुणाई.

८/
तिसरे उदाहरण मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'चे. कादंबरी २००४ ची, सुजय डहाके यांचा चित्रपट २०१२ चा. अंतर आठच वर्षांचे. म्हणजे आपला नियम येथे मोडतो की काय? कादंबरीचा काळ पाहा : आणीबाणीचे दिवस, १९७५-७६. नववीतला मुकुंद जोशी २०१२ साली पन्नाशीला टेकला असता. म्हणजे ज्या आठवणीला इतर ठिकाणी चित्रपटाने आकार दिला, ती येथे कादंबरीतच होती.

९/
तरीही या चौघांत 'शाळा' मला सर्वांत प्रामाणिक रूपांतर वाटते. अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर ही दोघे पडद्यावर खरोखर शाळकरी दिसतात. पंचविशीतल्या नटांना गणवेश चढवलेला नाही. आणीबाणी येते तीही मुलांना जेवढी उमगेल तेवढीच, मोठ्यांच्या दबक्या बोलण्यातून. तोटा एकच आहे. कादंबरी मुकुंदच्या तोंडून उलगडते आणि तिची सारी गंमत त्याच्या मनातल्या बडबडीत आहे. पडद्यावर चेहरा दिसतो, ती बडबड पुरती ऐकू येत नाही.

१०/
चौथे उदाहरण सर्वांत बोलके आहे : भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा शाळकरी मुलगा. सडपातळ अंगाचा, सायकलवर सुसाट सुटणारा, 'ट्टॉक' करणारा. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन यांनी त्याला साकारले. आदित्य सरपोतदार यांचा चित्रपट आला तो २०१७ मध्ये. १९७५ साली बाराव्या वर्षी फेणे वाचणारा मुलगा तोवर चोपन्न वर्षांचा झाला होता.

११/
चित्रपटातला फेणेही मोठा झाला आहे. अमेय वाघचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायला पुण्यात येतो आणि तिच्याभोवतीच्या काळ्या व्यवहारापर्यंत पोहोचतो. 'आमचा फेणे असा नव्हता' ही जुन्या वाचकांची तक्रार रास्तच आहे. परंतु पुरावा म्हणून हा बदल मोलाचा आहे. भागवतांच्या काळात शाळकरी मुलाने सायकल काढून एकट्याने गाव पालथे घालणे वाचकाला पटत होते. २०१७ च्या घराघरात मुलाच्या आयुष्यातले सर्वांत मोठे साहस प्रवेशपरीक्षा हेच झाले होते. शिकवणी वर्गांच्या फलकांनी भरलेल्या नागपुरात राहणाऱ्याला हे वेगळे समजावून द्यायला नको.

१२/
याहून महत्त्वाची खूण दुसरीच. चित्रपटात खुद्द भा. रा. भागवत एक पात्र म्हणून येतात. दिलीप प्रभावळकर ती भूमिका करतात आणि फेणे त्यांच्याच घरी उतरतो. भागवत २००१ साली गेले. त्यांना पडद्यावर पाहून गहिवरणारा प्रेक्षक कोण? ज्याने लहानपणी ती पुस्तके वाचली तो. बारा वर्षांच्या मुलाला ते एक प्रेमळ आजोबा वाटले असतील, एवढेच. चित्रपटाचे बोलणे कोणाशी चालले आहे, हे या एका पात्रावरून कळते.

१३/
आता पुन्हा 'श्यामची आई'. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनीच ती नव्याने पडद्यावर आणली. पुस्तकानंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, अत्र्यांनंतर सत्तर वर्षांनी. रंग उपलब्ध असताना चित्रपट कृष्णधवल ठेवला. तुरुंगातले साने गुरुजी (ओम भूतकर) स्वतः पात्र म्हणून आले, स्वातंत्र्यलढा आला. १९५३ च्या प्रेक्षकाला गुरुजी कोण, हे सांगावे लागत नव्हते; २०२३ मध्ये ते दाखवून द्यावे लागले. एकाच पुस्तकाच्या दोन रूपांतरांमध्ये समाज काय विसरला, हे असे मोजता येते. या चित्रपटालाही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

१४/
हिशेब एकत्र मांडू : अठरा वर्षे, एकतीस वर्षे, आठ वर्षे (पण कथेच्या काळापासून छत्तीस), आणि फेणेच्या बाबतीत चार दशकांहून अधिक. मराठी चित्रपट बहुधा कुमारांच्या पुस्तकाचे रूपांतर करत नाही. कुमारवयात ते वाचलेल्या प्रौढाच्या आठवणीचे करतो. याचे कारण समजण्यासारखे आहे. तिकिटाचे पैसे प्रौढ देतो आणि ओळखीचे नाव निर्मात्याला धीर देते. पण त्याची किंमत आजचा बारा वर्षांचा वाचक मोजतो. त्याने यंदा वाचलेले मराठी पुस्तक तो सोळा वर्षांचा होईपर्यंत पडद्यावर येण्याची शक्यता फार थोडी. मग तो पुस्तक आणि चित्रपटाची तुलना इंग्रजीत करायला शिकतो, आणि पुढे वाचायलाही इंग्रजीकडेच वळतो. त्याला दोष कसा द्यावा?

१५/
आणखी एक गोष्ट नागपूरकर म्हणून नोंदवतो. या साखळीत कोकण आहे, पुणे आहे. विदर्भातले एकही गाव नाही. आपण दुसऱ्यांचे बालपण आपले मानून वाचत आलो, आणि त्यात काही बिघडले नाही. नागपूरची मुले मोठ्या पडद्यावर ठळकपणे आली ती २०२२ च्या 'झुंड'मध्ये. नागराज मंजुळे यांचा तो चित्रपट हिंदीत होता, आणि त्याच्या मुळाशी कादंबरी नव्हती. झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणारे नागपूरचे विजय बारसे होते. मुले पडद्यावर पोहोचली, पुस्तकात मात्र अजून त्यांची वाट पाहिली जात आहे.

१६/
म्हणून पुढच्या वेळी वाद घालताना चार साले लिहून काढा : कथेचा काळ, पुस्तकाचे साल, चित्रपटाचे साल आणि तुम्ही ते वाचले ते साल. मग बदललेल्या प्रसंगांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा, हा बदल कोणासाठी केला असावा? 'पुस्तकच चांगले होते' या वाक्यापेक्षा त्या यादीतून इतिहास अधिक हाती लागेल. तुमची जोडी आणि तुमची चार साले खाली लिहा. विदर्भातली एखादी किशोर कादंबरी तुमच्या वाचनात असेल, तर तिचे नाव सर्वांत आधी.