दिनविशेष : ६ जून

१९६६ : रुपयाचे अवमूल्यन लागू झाले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांवर गेला. जुन्नर-आंबेगावचा निर्यातदार द्राक्ष बागायतदार आज डॉलरच्या भावाकडे डोळे लावून असतो.

१६७४ : जुन्नरच्या शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांचा रायगडावर राज्याभिषेक. या वेळी तहासाठी आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालावे, ही त्याची एक मागणी. महाराजांनी आपले मंत्री निराजीपंत यांच्यामार्फत दिलेले उत्तर फार मोलाचे आहे : कोणत्याही नाण्याला आमची बंदी नाही, पण ज्यात रयतेचा तोटा, ते नाणे घेण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. तुमचे नाणे मोगलांच्या नाण्याइतके कसदार असेल, तर खुशाल चालेल.